चौदाव्या शतकातला नवरा

सावळीराम १९८९ साली दिंडोरीकडे द्राक्षांवर औषध मारताना मेला. लंकाबाईला हे पक्कं माहीत होतं, कारण ती त्याची बायको आणि शेजारच्याच ओळीत होती. आमच्या साहेबांच्या मते तो चौदाव्या शतकात लढाईत मेला. साहेबांनी त्यावर परिषदेत निबंध वाचला होता, त्यामुळे त्यांचं म्हणणं जड पडलं.

भानगड अशी, की पेठच्या वर लंकाबाईच्या पाड्यावर माणूस गेला की त्याच्या नावाचा दगड बसवतात आणि त्यावर त्याला घोड्यावर कोरतात. जन्मभर एसटीला लटकत गेलेला असो, मेल्यावर घोडा. वर चंद्र-सूर्य, हातात तलवार. सावळीरामच्या हातात खरं तर फवारणीचा पंप हवा होता, पण कोरणाऱ्याला पंप जमत नव्हता. ९६ साली साहेब सर्वेक्षणाला गेले, सावळीरामच्या दगडावरचा तेल-शेंदराचा थर बघून हा सहाशे वर्षांचा वीरगळ म्हणून हरखले, आणि आदिवासींचा वारसा वाचवायचा म्हणून दगड जीपमध्ये घालून नाशिकला आमच्या संग्रहालयात घेऊन आले. मी तिथं रेखाटनं काढायला नुकताच लागलो होतो. घोडा मीच काढला. साहेब म्हणाले, "जरा तगडा दाखव."

दोन वर्षांनी लंकाबाई आली. मुलाचं, भारतचं, लग्न ठरलं होतं. त्यांच्यात पहिली हळद बापाला. बाप नसेल तर त्याच्या दगडाला. ती लागल्याशिवाय मुलाला लागत नाही, आणि मुलाला लागल्याशिवाय लग्न होत नाही.

"दगड द्या साहेब. हळद लावते नि परत आणून ठेवते."

"बाई, हा वीर आहे," साहेब म्हणाले. "तुमच्याच लोकांचा गौरव आहे हा."

"वीर नाय, नवरा हाय. लय भित्रा. म्हशीला भ्यायचा."

साहेबांनी हे कौतुकानं टिपून घेतलं. शूर माणूस प्रत्येक घराला आपलाच वाटतो, असं त्यांनी मला समजावलं. मी प्लास्टरच्या प्रतिकृतीचं विचारलं. ती फक्त शैक्षणिक संस्थांना देता येत होती.

हळदीच्या दिवशी सगळे टेम्पो करून आले आणि रीतसर तिकिटं काढून आत शिरले. भारतनं काच उचलली, लंकाबाईनं वाटीतली हळद सावळीरामच्या तोंडाला लावली, थोडी घोड्यालाही. तेवढ्यात पहारेकऱ्यानं शिट्टी मारली. भारतला लागायची राहिली.

चौकीत साहेबांबरोबर मलाही रेखाटनासकट साक्षीला नेलं. प्राचीन वस्तू विद्रूप केली म्हणून भारतला बाकावर बसवलं होतं. फौजदार समजूतदार माणूस होता.

"मावशी, सोपं आहे. दगड तुमच्या मालकांचा असेल, तर तो जुना नाही आणि गुन्हाही नाही. पण मग साहेबांनी तुमचे मालक पळवले असं होतं. त्याची चौकशी लागेल, दगड जमा होईल, पोरगा तारखांना येत राहील. तुमचा नसेल, तर पोरानं अजाणतेपणी केलं, साहेब माफ करतील, आत्ता घेऊन जा."

"उद्या लगीन हाय त्याचं."

"मग सांगा."

"नाय माझा."

"जरा मोठ्यानं. साहेबांना ऐकू गेलं पाहिजे."

"हा माझा कोणी नाय," लंकाबाई म्हणाली. साहेबांनी मान डोलावली. त्यांना खरंच बरं वाटलं असावं.

भारत सुटला. बाहेर टेम्पोपाशी मुलीचा बाप, कोंडाजी, बिडी ओढत उभा होता. दारातून त्याला सगळं ऐकू आलं होतं.

"विहीणबाई, तो तुमचा कोणी नाय?"

"पोराला सोडवायला बोलले, दादा."

"बोलल्या ना पण, पाच माणसांत. मंग पहिली हळद परक्याला लागली. ज्याला पहिली हळद, तो बाप. आता पोरगं कोणाचं म्हणायचं?"

"तुमी व्हते ना त्याच्या मयताला."

"व्हतो. मी खांदा दिला," कोंडाजी म्हणाला. "पण त्याला 'कोणी नाय' मी नाय म्हनलो, तुमी म्हनल्या. पोरगी नाय द्यायची."

त्यानं आपली माणसं टेम्पोत चढवली. टेम्पो त्याच्याच भाच्याचा होता.

लंकाबाई परत चौकीत आली. वाटी अजून हातातच होती.

"फौजदारसाहेब, तो माझाच हाय. तसं लिव्हा."

फौजदारानं पेनाला टोपण लावलं. "मावशी," तो म्हणाला, "पोलिसांसमोर खोटं बोलायचं नसतं."