चष्मा कुणी मागितला

माणसाने पन्नाशीत एखादं वेड लावून घ्यावं, पण ते एकच असावं. आमच्या ह्यांनी एकदम तीन लावून घेतली. शहरातल्या तलावात पोहायचं, ओल्या अंगाने सायकलवर बसायचं आणि उतरलं की धावत सुटायचं. ह्याला ट्रायथलॉन म्हणतात. मला विचाराल तर सुखाचा जीव दुःखात घालणं म्हणतात.

आमचं शिवणकामाचं दुकान आहे. हे मशीनवर, मी शेजारी काज-बटणांना. गेल्या वर्षीच्या शर्यतीत पोहतानाच ह्यांच्या पायात गोळा आला आणि होडीत घालून बाहेर काढावं लागलं. तेव्हापासून ती सायकल आमच्या झोपायच्या खोलीत, पलंगाच्या माझ्या बाजूला. कूस बदलून उठायला जावं तर पॅडल नडगीला लागतं. फार डोकं खाल्लं तेव्हा ह्यांनी शब्द दिला, "एकदा शर्यत पुरी होऊ दे, दुसऱ्या दिवशी सायकल विकतो." म्हणजे शर्यत पुरी होण्याची गरज ह्यांच्यापेक्षा मलाच जास्त.

नुसतं बघायला जायचं, तर त्याचीही शिकवणी. जेवायच्या टेबलावर ताटली म्हणजे तलाव आणि मिठाची बाटली म्हणजे मी.

"तू इथे कठड्यापाशी उभी राहा. हवं तेवढं ओरड. पण द्यायचं काही नाही. पाणी नाही, टॉवेल नाही. बाहेरच्या माणसाकडून काही घेतलं की मी बाद."

"आणि बुडायला लागलात तर?"

"त्याला होडी आहे." ह्यांनी मिठाची बाटली उचलून पुन्हा तिथेच ठेवली, मला नीट कळावं म्हणून.

शर्यतीच्या सकाळी ह्यांनी कठड्याच्या आत सायकल लावली, बूट मांडले, हेल्मेट ठेवलं. चष्मा त्या हेल्मेटातच ठेवायचा होता. पण चष्म्याशिवाय ह्यांना तलाव कुठे आहे तेही दिसत नाही, म्हणून तो घालूनच पाण्यापर्यंत आले. मी काठावर बांधलेल्या दोरीच्या अलीकडे उभी. पाण्यात उतरताना ह्यांनी चष्मा काढला आणि न बघता हात बाजूला केला. मीही न बघता घेतला. दुकानात दिवसभर हेच चालतं. डोळे चोळायचे असले की चष्मा बाजूला धरतात, मी घेते. रिकामा हात आला की परत ठेवते. एक अक्षर बोलावं लागत नाही.

हे तलावाच्या मध्यावर पोचले असतील, तेव्हा माझ्याबरोबर आलेली नणंद म्हणाली, "वहिनी, दादाचा चष्मा तुमच्याकडे कसा?"

मी कठड्यापाशी उभ्या असलेल्या पंचबाईंकडे धावले. "तुम्हीच नेऊन ठेवा ना आत."

"नाही चालत. बाहेरून काहीही आत येणार नाही."

"अहो, त्यांचाच आहे."

"मग त्यांनी आत ठेवायचा होता."

बाईंचं म्हणणं बरोबर होतं, त्याचाच जास्त संताप आला. आणि मी ठरवलं, द्यायचा नाही. रस्ता बंद ठेवलाय, समोरून गाडी येणार नाही. चालवतील अंदाजाने, हळूहळू. पडले तर खरचटेल. घरातून सायकल तर जाईल.

हे पाण्यातून बाहेर आले. उशिरा, पण स्वतःच्या पायांवर. मला इतकं बरं वाटलं की नणंदेबरोबर मीही ओरडले. मग हे सायकलींच्या ओळीत शिरले आणि दुसऱ्याच कुणाचं हेल्मेट चाचपू लागले. शेवटी आपली सायकल सापडली, कठड्यालगतच, माझ्यापासून हातभर. हेल्मेटात हात घातला. काही नाही. पुन्हा घातला. मग डोळे चोळले आणि न बघता हात बाजूला केला.

मी चष्मा ठेवला. ठरवलं-बिरवलं सगळं राहिलं. हात आला आणि मी ठेवला.

शिट्टी वाजली. पंचबाई आल्या. ह्यांचा अवतार बघून त्यांनाही कीव आली असावी. "तुम्ही मागितला, की त्यांनी आपणहून दिला? आपणहून दिला असेल तर परत करा आणि जा पुढे."

"मीच दिला," मी घाईने म्हणाले. "ह्यांनी तोंडही उघडलं नाही." आणि ते खरंच होतं.

ह्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे नीट बघितलं.

"मागितला," हे पंचबाईंना म्हणाले. "हात पुढे केला ना. मी सगळं असंच मागतो हिच्याकडे. आणि हिने दिलं नाही असं कधी झालेलं नाही."

झाले बाद.

मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला. घरी येताना सायकल हे ढकलत होते आणि बूट माझ्या हातात.

"गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं?"

"तू उगाच लुडबुड केलीस असं सांगायचं?"

"सांगायचं की. वर्षभर नडगी माझीच फुटणार आहे."

पुढे चौकात हे थांबले, घाम पुसायला चष्मा काढला आणि न बघता हात बाजूला केला. मी तो हात थोडा वेळ तसाच राहू दिला. मग चष्मा घेतला.

"सायकल यंदा तुमच्या बाजूला," मी म्हणाले.