साहेबांचा खोकला

टायपिस्टबाईंनी मनाशी पक्कं केलं होतं, आज साहेबांना हसवल्याशिवाय घरी परतायचं नाही.

साहेबांच्या सुनेचा फोन आला होता. "सासूबाई गेल्यापासून बाबा हसणं सोडा, धड बोलतही नाहीत हो." तसं नोकरीतही बाईंनी त्यांना कधी हसताना पाहिलं नव्हतं. पण तेव्हा ते साहेब होते, गंभीर राहणं कामातच मोडायचं. आता निवृत्तीनंतर कुणासाठी तोंड पाडून बसायचं?

ऑफिसवरचा विनोदी सिनेमा लागला होता. बाईंनी तिकिटं काढली आणि साहेबांना हाताला धरून नेलं.

"बाई, ऑफिसात हसण्यासारखं काय असतं?"

"तेच बघायला चाललोय. चला."

पडद्यावर मीटिंग कधी घ्यायची हे ठरवायला मीटिंग भरली. थिएटर खदखदून हसलं. "बरोबरच आहे," साहेब म्हणाले, "आधी ठरवायला नको?" एक कारकून खुर्चीवर कोट टांगून दिवसभर गायब झाला. लोक पोट धरून हसले, साहेब ढिम्म. बाईंनी कोपराने ढोसलं, तर ते अंग चोरून बसले. मध्यंतरात ते घराकडे वळले, तशी बाईंनी वाट अडवली.

"अजून अर्धा बाकी आहे. जाता कुठे?"

मग पडद्यावरचा साहेब पावलं न वाजवता केबिनबाहेर आला. डुलक्या काढणारे, गप्पा छाटणारे, सगळे रंगेहाथ सापडले.

"काय हा माणूस," साहेब वैतागून पुटपुटले. "आधी खोकायला काय झालं याला?"

बाई पडदा विसरल्या. साहेबांचा तो खोकला! केबिनचं दार उघडण्याआधी दोनदा, ठसठशीत. तो ऐकू आला की बाईंचं विणकाम ड्रॉवरमध्ये जायचं आणि सगळं ऑफिस माना खाली घालायचं.

"म्हणजे तुम्हाला खोकला नव्हताच?"

"कधीच नव्हता."

"आणि मी दर हिवाळ्यात गोळ्या आणून द्यायचे त्या?"

"खाल्ल्या की. कडू जहर. सांगणार कुणाला?"

बाईंनी पदर सावरला, घसा साफ केला आणि हुबेहूब साहेबांसारख्या दोनदा खोकल्या. पुढच्या रांगेत पाय पसरून पेंगणारा एक म्हातारा दचकून ताठ बसला.

साहेबांचे खांदे आधी हलले, मग पोट, मग आवाज फुटला. पडद्यावर तेव्हा कुणीतरी रडत होतं. लोक वळून शुक् शुक् करू लागले.

"हसू द्या त्यांना," बाई म्हणाल्या. "तिकीट काढलंय."