पोट, पाळी आणि इग्नातिसची कबर

आमच्या गावात कुणाचे पाय कारणाशिवाय हलत नाहीत. बाई रस्त्याने चालताना दिसली की पहिलीच गाडी थांबते, "बस, सोडतो." कुठे जायचं नाही, नुसतं चालायचंय असं म्हणालात तर दुसऱ्या दिवशी गावभर होतं, हिचं नवऱ्याशी वाजलंय.

म्हणून डॉक्टरीणबाईंनी पोलिक्सेनीवहिनीला चालायला सांगितलं, तेव्हाच मी कपाळावर हात मारला. वहिनीची पाळी गेली आणि आयुष्यात नव्हतं ते पोट आलं. खाणं तेच, उलट कमीच. तिने टीव्हीसमोर उड्या मारल्या, लिंबूपाण्यावर दिवस काढले, आणि रात्र रात्र जागून सगळ्यांवर खेकसली. डॉक्टरीण म्हणाली, "हार्मोन्स उतरले की चरबी मांड्या सोडून पोटावर मुक्कामाला येते. उपास, उड्या आणि जागरणं यांनी शरीर आणखी धास्तावतं. संध्याकाळी सावकाश चाला, झोपा. पोट हळूहळू ऐकेल."

वहिनीला पोटापेक्षा झोप हवी होती. "मिर्सिनी, स्वतःच्याच अंगात भाड्याने राहिल्यासारखं झालंय गं," ती मला म्हणाली.

चालायला कारण तिनेच शोधलं. आमची दफनभूमी गावाबाहेर, हलक्या चढावर. तिथे घरच्यांच्या कबरीवर तेलाचा दिवा लावायला निघालेल्या बाईला कुणी हटकत नाही. पण माझे आईबाप, म्हणजे तिचे सासूसासरे, पडले फाटकालाच. तेवढ्याने काय होणार? म्हणून तिने सगळ्यात वरची, टोकाची कबर धरली. इग्नातिसची. बिनलग्नाचा गेला, मागे ना पोर ना पुतण्या. वहिनी रोज संध्याकाळी तेलाची बाटली घेऊन निघायची आणि रमतगमत परतायची.

कॉफीच्या दुकानात व्हायचं तेच झालं. माझ्या भावाच्या आधी त्याचं पोट दुकानात शिरायचं, त्या दिवशी ते शिरताच मालक ओरडला, "काय रे स्त्रातिस, बायको इग्नातिसला एवढं तेल पाजते, तुझ्या कोशिंबिरीत तरी उरतं का?"

दादा तडक माझ्याकडे. "खरं सांग, तरुणपणी त्यांचं काही होतं?"

"अरे, मेलाय तो!"

"तेच तर! जिवंत असता तर दोन ठेवून दिल्या असत्या."

दुसऱ्या दिवसापासून दादा पाळतीवर. वहिनी पुढे, हा झाडांआडून मागे, धापा टाकत. द्राक्षं पिकायच्या आत त्याचा पट्टा दोन भोकं आत गेला. वहिनीचं पोट मात्र जेमतेम हललं. चालायचं हिने आणि हार्मोन्स त्याच्या बाजूने! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे होते. वहिनीने बाटली उचलली तसा दादा दारात आडवा आला. "बास झालं आता. गाव हसतंय. पोट कमी झालंय, उद्यापासून बंद."

"कुणाचं कमी झालं?"

दादाने नकळत स्वतःचं पोट चाचपलं. मग आवाज उतरवून म्हणाला, "एवढंच सांग, त्याच्याकडेच का जातेस?"

"कारण 'कुठे चाललीस' असं त्या एकट्यानेच मला आजवर विचारलेलं नाही," वहिनी म्हणाली. "आणि तिथून आले की मला झोप लागते. पोट राहो नाहीतर जावो, मी झोपते, स्त्रातिस. तुला ते दिसत नाही, कारण तू घोरत असतोस."

दादा बाजूला झाला. वहिनी निघून गेली.

मी आधी पोट धरून हसले. मग हसू आटलं. वर्ष झालं होतं, मी घामाने भिजून उठत होते आणि दोष गादीला देत होते. तीन गाद्या बदलल्या. कुणाला सांगायची लाज वाटत होती.

मी फडताळातली तेलाची दुसरी बाटली उचलली आणि चढावर वहिनीला गाठलं.

"वहिनी, एखादा बेवारशी उरलाय का गं वर?"

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. काही विचारलं नाही. "मागच्या भिंतीपाशी एक खलाशी आहे. नावसुद्धा पुसलं गेलंय."

"इग्नातिसपेक्षा लांब?"

"बराच."

"मग तो माझा," मी म्हणाले.