घंटागाडीचा पश्चात्ताप

माणूस मुळात निर्मळ असतो, परिस्थिती त्याला मळवते आणि संस्कार त्याला पुन्हा धुऊन काढतात. हे वाक्य 'पुनरुदय कुमार निवासा'च्या दर्शनी भिंतीवर निळ्या रंगात लिहिलेलं होतं. खाली पेंटरचा मोबाईल नंबर होता, तो वाक्यापेक्षा ठळक. निवासातल्या एकाही मुलाला वाक्य पाठ नव्हतं. नंबर सगळ्यांना होता.

सोलापुरातून मंगळवेढ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर हा निवास होता. वाट चुकलेल्या पोरांना बाल न्याय मंडळ इथे पाठवायचं आणि अधीक्षक प्रभुलिंग सर त्यांना वाटेवर आणायचे. सोळा वर्षांच्या नंदीशला मंडळाने सहा महिन्यांसाठी पाठवलं होतं. तो काही वाटेवर येत नव्हता, कारण त्याच्या मते तो वाटेवरच होता. त्या वाटेवरून कचऱ्याची गाडी चालवत होता, एवढंच.

घडलं होतं ते असं. नंदीशच्या गल्लीत महिनाभर घंटागाडी फिरकली नव्हती. आधी बादल्या भरल्या, मग पिशव्या भरल्या, मग कोपरा भरला. एका सकाळी मोठ्या रस्त्यावर घंटागाडीचा ड्रायव्हर किल्ली गाडीतच ठेवून चहाला उतरला. नंदीश मामाच्या टेम्पोवर हात बसवलेला गडी. तो आत चढला, भोंग्यावरचं गाणं लावलं आणि गाडी गल्लीत घातली. बायका बादल्या घेऊन धावल्या. ड्रायव्हर कोण, हे कुणी विचारलं नाही. गाडी आली होती, तेच पचत नव्हतं.

गाडी भरली आणि प्रश्न पडला, हे न्यायचं कुठे? कचरा डेपो कुठे आहे ते नंदीशला माहीत नव्हतं. 'स्वच्छ प्रभाग, सुंदर प्रभाग' हा बोर्ड कुठे आहे ते मात्र पक्कं माहीत होतं. माजी आणि भावी नगरसेवक आदिनाथभाऊ यांच्या बंगल्याच्या फाटकावर. त्याने गाडी तिथे नेली, उलटी लावली आणि मागचा डबा कलता केला. मग गाडी होती तिथे आणून उभी केली. ड्रायव्हर अजून चहाच घेत होता.

गाडी चोरणे, परवाना नसताना चालवणे आणि आणखी दोन-तीन कलमं. भाऊंच्या फाटकावर कॅमेरा होता. त्यात नंदीश स्वच्छ आणि सुंदर दिसत होता.

निवासात दर शनिवारी 'अंतर्मुख तास' असायचा. पोराने उभं राहून आपला गुन्हा सांगायचा, पश्चात्ताप व्यक्त करायचा, आणि समुपदेशक उत्कर्षा मॅडम तक्त्यावर त्याच्या नावापुढे एक चांदणी चिकटवायच्या. रडणाऱ्याला दोन. चांदण्या पुरेशा झाल्या की चांगला अहवाल, आणि अहवालावर घर. पोरं काही खुळी नव्हती. जेवढ्या खोल खड्ड्यातून वर यावं तेवढ्या चांदण्या जास्त, हे कळल्यावर त्यांनी आपापले खड्डे खणायला घेतले. बिलालने एक मोबाईल उचलला होता. तिसऱ्या शनिवारी त्याच्याकडे टोळी होती आणि पाचव्या शनिवारी टोळीत फूट पडली होती. केम गावच्या सिद्धनाथने शेजाऱ्याच्या विहिरीवरची मोटर काढली होती. हल्ली तो अख्खी विहीर चोरल्यापर्यंत आला होता.

नंदीशच्या नावापुढे मात्र आभाळ कोरं होतं.

"सांग, नंदीश," मॅडम म्हणायच्या.

"घंटागाडी घेतली. कचरा भरला. टाकला."

"आणि मग वाईट वाटलं?"

"वाटलं की."

एकदा या उत्तरावर मॅडमनी आशेने चांदणी सोलून बोटावर घेतली.

"ओला-सुका एकत्र झाला, मॅडम."

चांदणी त्या दिवशी मॅडमच्या बोटावरच राहिली.

तरीही नंदीशला घरी जायची घाई होती. आयटीआयला डिझेल मेकॅनिकच्या यादीत त्याचं नाव लागलं होतं आणि प्रवेशाची मुदत सोमवारी संध्याकाळी संपत होती. तोवर स्वतः हजर झाला नाही तर वर्ष गेलं. ही गोष्ट प्रभुलिंग सरांनाही माहीत होती. म्हणूनच त्यांनी शुक्रवारी त्याला ऑफिसात बोलावलं.

"रविवारी आपला परिवर्तन सोहळा आहे. प्रमुख पाहुणे कोण, माहितीये?"

"आदिनाथभाऊ."

"तुला कुणी सांगितलं?"

"पेंटर बॅनर घिऊन आलता. भाऊंचा फोटो लई मोठा हाय, सर. परिवर्तन आमचं हाय न्हवं?"

सरांनी ते ऐकलं नाही. अधीक्षकाला कधी ऐकू येऊ नये याचा त्यांना अनुभव होता. "भाऊ आपल्याला वॉटर कूलर देणारेत. तू माइकवर यायचं. दहा ओळी आहेत, मीच लिहिल्यात. 'मी अंधारात होतो' इथून सुरुवात."

"सकाळचं नऊ वाजलं हुतं, सर."

"तो अंधार वेगळा. माफी मागायची, भाऊंच्या पाया पडायचं, भाऊ तुला मिठीत घेतील. फोटो. संध्याकाळी तुझ्या अहवालावर सही. सोमवारी तू आयटीआयच्या रांगेत."

"आणि न्हाई म्हणलो तर?"

"तर मी लिहिणार, सुधारणा नाही, मुदत वाढवावी. आणि मग तुझं डिझेल पुढच्या वर्षी."

त्या दुपारी स्वयंपाकघरात लसूण सोलताना बिलालने त्याला समजावलं. "बोल डाल ना रे. माफी को क्या लगता है? मैं तो दो खून बोलने वाला था. मॅडमच बोल्या, इतना नको, पोलिसांना कळवावं लागेल."

"तुझं बरंय, बिल्या. तू केलंच न्हाई त्याची माफी मागतूस. मला केलेल्याची मागायची हाय."

बिलाल पुन्हा लसणाकडे वळला.

रविवारी नंदीशची आई वैजयंतीबाई आली, सोबत गल्लीतल्या अकबरी चाचीही. वैजयंतीबाई शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात मशीनवर बसायच्या. कुणाच्याही अंगावरचा कपडा आधी नीट करायचा आणि मग बोलायचं, अशी त्यांना सवय होती. त्यांनी लेकाची कॉलर सारखी केली.

"म्हण की एकदा. जीभ झिजती का काय?"

"आई, त्या दिवशी पैली बादली कुणी आणलती?"

वैजयंतीबाई पदराशी चाळा करत राहिल्या. "म्याच."

"मग तू बी चल माइकवर. दोघं मिळून मागू."

"येडा हायस," त्या म्हणाल्या, आणि नीट झालेली कॉलर पुन्हा नीट केली.

सोहळा रीतसर झाला. दीप लावला, तो पंख्याने विझला, पंखा बंद करून पुन्हा लावला. कूलरला फीत बांधली होती. बिलाल बोलला तेव्हा पुढच्या रांगेतल्या दोन बायका रडल्या. मग नंदीशचं नाव पुकारलं. त्याने दहा ओळींच्या कागदाची घडी उलगडली.

"मी अंधारात होतो," त्याने वाचलं.

प्रभुलिंग सर खुर्चीत सैल झाले. नंदीशने कागदाची पुन्हा घडी घातली.

"पुढचं माझं मी बोलतो. मला माफी मागायचीच हाय. अकबरी चाचींची. गल्ली पुढं बारीक हाय, गाडी वळंना, म्हणून चाचींची बादली तशीच ऱ्हायली. त्या हाका मारत हुत्या, पर गाण्यात मला ऐकूच आलं न्हाई. चूक झाली, चाची."

"जाने दे, बेटा," तिसऱ्या रांगेतून चाची म्हणाल्या. "वो बादली अभी बी भरीच है."

लोक हसले. भाऊ त्यांच्याहून मोठ्याने हसले, कारण फोटोग्राफर समोर होता. त्यांनी माइक आपल्याकडे ओढला. "आणि माझ्या फाटकाचं काय रे, पोरा?"

"भाऊ, मंडळापुढं तुमच्या कॅमेऱ्याचं शूटिंग लावलतं. म्या समदं बघितलं. तुमच्या फाटकावरचा कचरा उचलायला अर्ध्या तासात दोन गाड्या आल्या." त्याचा आवाज चढला नव्हता, पण माइक चांगला होता. "आमाला वाटायचं गाड्याच न्हाईत. म्हणून म्या एक आणली. हायत म्हणल्यावर माफी कशाची मागू?"

पहिली टाळी वाजली ती अकबरी चाचींची. दुसरी वैजयंतीबाईंची, थोडी दबकत. मग तक्त्यावर भरभरून चांदण्या असलेल्या पोरांनी असा कडकडाट केला की कूलरची फीत सुटली.

भाऊ मुरलेले होते. त्यांनी नंदीशला ठरल्याप्रमाणे मिठीत घेतलं, फोटो होईपर्यंत धरून ठेवलं आणि "उद्यापासून रोज गाडी" असं जाहीर करून जेवणाआधीच निघून गेले.

"एवढ्या दहा ओळी वाचल्या असत्यास तर काय बिघडलं असतं?" संध्याकाळी सर म्हणाले.

"एक वाचली की, सर."

"तुझ्या आयटीआयचा तरी विचार करायचास."

"लई केला," नंदीश म्हणाला. ते खरं होतं. "पर कवा बी गेलो तरी त्या गल्लीतनंच आयटीआयला जायचं हाय न्हवं मला."

सोमवारी सकाळी प्रभुलिंग सरांनी अहवाल लिहिला. पश्चात्ताप नाही, सुधारणा नाही, उद्धटपणा आहे, मुदत सहा महिन्यांनी वाढवावी. दहा वाजता तो मंडळाकडे गेला. नंदीश स्वयंपाकघरात कांदा चिरत बसला होता. डोळ्यांतून पाणी येत होतं. उत्कर्षा मॅडम दारात थोडा वेळ थांबल्या, आणि कांदा आहे हे पाहून निघून गेल्या.

बाराच्या सुमाराला मंडळाच्या क्लार्कचा फोन आला. सर उभ्यानेच ऐकत राहिले. एकदा "हो का" म्हणाले, एकदा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मग फोन ठेवून स्वयंपाकघरात आले आणि नंदीशला म्हणाले, पिशवी भर.

क्लार्कने एवढंच विचारलं होतं की हा मुलगा अजून तिथे कसा. त्याची सहा महिन्यांची मुदत गेल्या मंगळवारीच संपली होती.