सात पाण्यांचा पाला

बर्फाच्या चार पिशव्या. दरवर्षी.

‘नाजूक कपडे’ असं लिहिलेलं बटण.

बिडाचं काळं पातेलं. पणजीनंतर फक्त आजीने आणि आत्याने वापरलेलं.

लॅव्हेंडर.

मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे. मेरिडियन गावच्या शाळेत मुख्याध्यापक; सहाशे पोरं मला घाबरतात. थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला मात्र घराण्याने माझ्याकडे बर्फ आणि कागदी ताटल्याच दिल्या होत्या. याहून अवघड काम मला झेपेल, असं कुणालाच वाटलं नव्हतं. यंदा माझ्या ओझेला नावाच्या आत्याचा फोन आला: कॉलर्डच्या पाल्याची भाजी तू कर. जमली तर पातेलं तुझं.

ही बातमी मी चर्चमध्ये दोनदा सांगितली.

आत्याचा नियम असा, की पाला सात पाण्यांत धुवायचा, पान न् पान चोळून. वीस जुड्या होत्या. तिसऱ्या पाण्याला माझी पाठ धरली, आणि समोर वॉशिंग मशीन रिकामं उभं होतं. अशा वेळी शिकलेल्या माणसाला डोकं चालवावंसं वाटतं. साबण घातला नाही, एवढी अक्कल होती. आदल्या दिवशीच्या चादरींचा सुगंध आत मुक्कामाला आहे, एवढी नव्हती. मग टर्कीच्या धुरी दिलेल्या तंगडीबरोबर भाजी चार तास शिजवली. वास आणखी खुलला.

पहिल्या घासालाच आतेबहीण वॉनेटा थांबली. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “दादा, यात जेवायचं की अंघोळ करायची?”

मी बर्फाकडे बघत बसलो. यंदा तो तिच्या नवऱ्याने आणला होता. छान आणला होता.

पण आत्या जेवत होती. मक्याचा पाव भाजीच्या पाण्यात बुडवून खात होती. तिने पुन्हा वाढून घेतलं. तिच्यासमोर ताटात टाकायची कुणाची हिंमत? एकवीस माणसांनी मुकाट्याने लॅव्हेंडर गिळलं.

“सात पाणी?” आत्याने विचारलं.

“सात, आत्या.”

“कळतंय. दाताखाली एक खडा नाही. पातेलं घेऊन जा, बाळा.”

पातेलं मी गाडीत शेजारच्या सीटवर बसवलं, त्याला पट्टा लावला. घरी येईपर्यंत मनात एकच विचार: बाकीच्यांना काय कळतंय, शेवटी हाताला चव असावी लागते.

यंदाच्या मार्चमधल्या तापात आत्याची चव गेली होती, आणि वासही.