भाऊजी कोणाचे?

एवढ्याशा शब्दानं एवढा घोळ घालावा, हे इंद्रायणीच्या डोक्यात मावत नव्हतं. मारलं रणजीतनं, आणि चौकशीचं बोलावणं गेलं कुलदीपला!

रणजीत तिचा धाकटा दीर. सहा वर्षं तिला घालूनपाडून बोलत आला होता, दोनदा हातही उचलला होता. गेल्या सोमवारी ती कंपनीच्या बससाठी निघाली, तर ह्यानं तिचं आयकार्ड काढून घेतलं. ‘बाईमाणसानं शिफ्ट करायची न्हाई,’ म्हणाला. तिनं कार्ड मागितलं, तशी ह्यानं मनगट असं पिरगाळलं की हाडच मोडलं. नवरा तिथंच चहा पीत होता. पीतच राहिला.

चऱ्होलीहून बहीण नीला आणि तिचा नवरा कुलदीप धावत आले. प्लास्टर घालून तिघं थेट चौकीत गेली. हवालदार भीमराज यांनी विचारलं, “कोणी मारलं?”

“भाऊजींनी,” ती म्हणाली. कुरुळीच्या तिच्या घरात दिराला भाऊजीच म्हणायचं, नाव घ्यायचं नाही, अशी रीत. वेदनेनं डोळ्यांपुढं अंधारी येत होती.

भीमराज कुलदीपकडं वळले. “तुम्ही यांचे कोण?”

“हिच्या बहिणीचा नवरा.”

“म्हणजे भाऊजी. नाव?”

बिचाऱ्याला वाटलं, साक्षीदार म्हणून विचारतायत. त्यानं पत्त्यासकट सांगितलं. इंद्रायणीनं डाव्या हातानं कशीबशी सही केली, आणि वाचून बघायचं कुणालाच सुचलं नाही.

आता नीला फोनवर तापली होती. “रजा टाकून आला माझा नवरा, आणि आरोपी तोच?”

इंद्रायणी पुन्हा चौकीत गेली. दोन तास बाकावर बसवून ठेवल्यावर भीमराजांनी कागद काढला आणि कपाळाला हात लावला.

“आमच्याकडे वऱ्हाडात बहिणीच्या नवऱ्याला भाऊजी म्हणतात. मी काय करू बाप्पा?”

“आमच्याकडं त्यांना दाजी म्हणतात, साहेब. भाऊजी म्हणजे दीर.”

“मग तेव्हाच दीर म्हणायचं होतं! आता पुरवणी जबाब घ्यावा लागेल. दिराला बोलावतो, समोरासमोर होऊन जाऊ दे. आपसात मिटलं तर बरंच.”

मिटलं तर बरंच! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हाड तिचं मोडलेलं, आणि मिटवायची घाई यांना.

रणजीत आला तो इस्त्रीच्या शर्टात, आईला घेऊन. सावित्रीबाई डोक्यावर पदर घेऊन खुर्चीत बसल्या.

“वहिनी मोरीत घसरल्या, साहेब,” रणजीत गोड हसत म्हणाला. “घरचं भांडण न्हाई, काय न्हाई. बहिणीनं कान भरले त्यांचे.”

“व्हय, घसरली,” सावित्रीबाईंनी मान डोलावली. “म्या सवता बघितलं.”

भीमराजांनी इंद्रायणीकडं पाहिलं. “आई म्हणतेय घसरलात. काय लिहू?”

सहा वर्षं तोंडात घोळवलेला ‘भाऊजी’ जिभेवर आला, आणि तिला स्वतःचीच किळस आली. मारणाऱ्याला मान द्यायचा कशासाठी?

“लिहा,” ती म्हणाली. “रणजीतनं माझा हात मोडला. हा बसलाय ना, हाच तो. ए रणजीत, सांग की साहेबांना, माझं कार्ड कुठं लपवलंस?”

चौकीतल्या सगळ्यांनी माना वळवल्या. रणजीतचं हसू मावळलं. सावित्रीबाई खुर्चीवरून ताडकन उठल्या, पदर खांद्यावर घसरला.

“दिराला अरे-तुरं? नाव घेऊन? लाज न्हाई वाटत भवाने? जरा हात पिरगाळला म्हणून दिराची अशी इज्जत काढायची?”

“आये!” रणजीत ओरडला.

भीमराजांची बोटं कीबोर्डवर थांबली. त्यांनी एकदा प्लास्टरकडं पाहिलं, एकदा म्हातारीकडं.

“काय म्हणालात, आजी? परत सांगा.”

सावित्रीबाईंनी तोंडावर पदर धरला. भीमराजांनी त्यांची खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि रणजीतला बाहेर बसायला सांगितलं.