अकरा जणांची आंघोळ

शेजारच्या ब्रीडाबाई शहाऐंशी वर्षांच्या. त्यांचा काका क्रिस्टी १९१६ साली फ्रान्समध्ये, ब्रिटिश फौजेत मेला. आयरिश घरात ब्रिटिश गणवेश म्हणजे लाजेची गोष्ट, म्हणून त्याचा फोटो कित्येक वर्षं ट्रंकेच्या तळाशी पडून होता. आता वारं फिरलं. आयर्लंडमधल्या आमच्या ड्रोहेडा गावातल्या महायुद्ध स्मारक समितीने नोव्हेंबरच्या कार्यक्रमात वाचायला प्रत्येक घराकडून चार ओळी मागवल्या, आपला माणूस कसा मेला त्याच्या. ब्रीडाबाईंना फक्त तारीख ठाऊक होती, नऊ मार्च. डोळे साथ देईनात, म्हणून त्याच्या बटालियनच्या रोजनिशीच्या प्रती त्यांनी माझ्या हातात दिल्या.

"लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौसच तुला," माझा नवरा जयेश म्हणाला. "आणि त्याही ब्रिटिश लष्कराच्या!"

पण कागद तपासणं हा माझा धंदाच आहे. औषधांच्या कारखान्यात मी नोंदी तपासते. कोणी मागची तारीख घातली, एखादा आकडा खोडला, तर मी त्याला सोडत नाही. पाठीमागे मला खाष्ट सासू म्हणतात, आणि ते खरंच आहे.

वाचायला बसले. उवा, सुजलेले पाय, पाण्याने भरलेले खंदक. रात्रभर खणायचं आणि सकाळी ते ढासळलेलं बघायचं. रविवारी फुटबॉल. हे सगळं कचेरी सांभाळणाऱ्या कुणा अधिकाऱ्याने मोत्यांसारख्या अक्षरात लिहिलेलं. अधिकारी मेला की त्याचं नाव, हुद्दा, कौतुकाचा एखादा शब्द. कर्नलसाहेबांची घोडी लंगडली तर तिचंही नाव, डेझी, आणि वर तीन ओळी. शिपाई मेले की 'इतर: ४'. 'इतर: ७'. मला शिसारी आली. मेल्यांनो, घोडीला नाव आणि माणूस इतर?

मग नऊ मार्चचं पान आलं. दुपारी जनरल पाहणीला येणार, म्हणून शिपायांना आंघोळी घालून आणायचा हुकूम सुटला होता. भर दिवसा, शत्रूला दिसणाऱ्या रस्त्याने, रांगेत. 'स्नानगृहाकडे जाताना तोफेचा गोळा पडला. इतर: ११. दुपारी पाहणी झाली. जनरलसाहेबांनी टापटिपीबद्दल समाधान व्यक्त केले.'

मी कागद पालथा ठेवला. आमच्याकडेही तपासनीस येणार असले की घासपूस होते, मीच ओरडून करून घेते. मागच्या वर्षी त्या घाईत एकाच्या हातावर ॲसिड सांडलं, आणि मी आधी फरशी पुसायला सांगितली होती. ते आठवलं आणि माझीच मला घाण वाटली.

दुसऱ्या दिवशी ब्रीडाबाईंकडे गेले.

"लढताना गेला का गं?" त्यांनी विचारलं.

"नाही." मी सगळं सांगितलं. जनरल, आंघोळ, रस्ता, गोळा.

"जाताना की येताना?" त्या एकदम म्हणाल्या.

मला प्रश्न कळला नाही.

"आंघोळीला जाताना मेला, की आंघोळ करून परत येताना? आमच्याकडे गेलेल्या माणसाला घरच्या बायका आंघोळ घालतात, सुलेखा. माझी आजी मरेपर्यंत एकच म्हणत राहिली, माझ्या क्रिस्टीला कोणी धुतलंसुद्धा नसेल."

उवांनी भरलेला, मळाने कडक झालेला सदरा अंगात असलेला तो पोरगा माझ्या डोळ्यांपुढे आला. जनरलच्या नजरेला बरं दिसावं एवढ्यासाठी रस्त्यावर काढलेला. रोजनिशीत 'जाताना' असं स्पष्ट लिहिलं होतं.

"येताना," मी म्हणाले.

ब्रीडाबाईंनी डोळे मिटले.

"ग्रँड," त्या म्हणाल्या, म्हणजे इथल्या बोलीत 'छान झालं'. "लिही मग तसं समितीसाठी."

मी लिहिलं: क्रिस्टी टॅफ, वय एकोणीस, स्वच्छ आंघोळ करून परत येत होता. खाली माझी सही केली आणि तारीख घातली.